बिल येण्याआधीचा हिशेब

इमारतीचा खर्च बिल हातात पडतं त्या दिवशी वाढत नाही. तो आधीच कधीतरी वाढून बसलेला असतो. नकाशात भिंत दोन फूट सरकली तेव्हा, खरेदीवाल्याने फोनवर "पाठवून द्या" म्हटलं तेव्हा, सेंटरिंगच्या प्लेटा सेंटिमीटरभर खाली बसल्या तेव्हा. बिल म्हणजे शिळी बातमी. खरेदी, स्टोअर, ठेकेदारांची बिलं, विक्री आणि लेखा यांना एका धाग्यात ओवणारं ईआरपी सॉफ्टवेअर आता मध्यम बिल्डरांच्या कचेऱ्यांतही पोचलंय. बातमी शिळी होण्याआधी ते ती सांगू शकतं का, एवढाच प्रश्न मला त्याच्याविषयी महत्त्वाचा वाटतो.

नाशिकच्या एका बांधकाम कंपनीत काम करणाऱ्या दोघांचं या प्रश्नावर पटत नाही. एक बाई मुख्य कचेरीत खर्च-नियंत्रण पाहतात. त्या खतावणीवर शिकल्या, पुढे टॅलीवर आल्या, आता ईआरपी सांभाळतात. दुसरा तिशीच्या आतला साइट इंजिनिअर, चौदा मजली इमारतीचं काम पाहणारा. वहीवर शिकलेल्या बाई सॉफ्टवेअरच्या बाजूने आणि मोबाइल हातात घेऊन वाढलेला मुलगा त्याच्या विरोधात, हे मला आधी उलटं वाटलं. दोघांना ऐकल्यावर त्यात नवल राहिलं नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या साइट ऑफिसात झालेलं हे बोलणं आहे. नावं देत नाही. तो त्यांना ताई म्हणतो, मीही तेच लिहितो.

अभियंता: ताई, परवाच्या स्लॅबचं सांगतो. काँक्रीटचा शेवटचा मिक्सर रात्री सव्वाअकराला रिकामा झाला. दुपारी दीडपासून मी वर उभा होतो. खाली आलो तर स्टोअरवाला म्हणतो, साहेब, दोन गाड्यांची आवक सिस्टिममध्ये पडत नाही, पीओचं, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचं, प्रमाण संपलंय. म्हणजे काँक्रीट स्लॅबमध्ये गेलंय, पण तुमच्या स्क्रीनच्या मते ते गेटवर आलेलंच नाही. मग मी रात्री कचेरीतल्या माणसाला उठवायचं, त्याने पीओ वाढवायची, आणि मी मिक्सरांची चलनं एकेक करून भरायची. हे माझं काम आहे का?

ताई: प्रमाण का संपलं, ते सांगशील?

अभियंता: स्लॅबला जास्त लागलं.

ताई: तेच मला रात्री सव्वाअकराला कळलं, म्हणून मी त्या सिस्टिमचे आभार मानते. आधी मला ते रेडिमिक्स काँक्रीटवाल्याचं महिन्याचं बिल आल्यावर कळायचं. तोवर तू पुढचा स्लॅब टाकलेला असायचास, त्यातही तेवढंच जास्त गेलेलं असायचं. मी तुझ्याकडे विचारणा केली की तू म्हणायचास, ताई, मागच्या महिन्यातलं आता काय आठवणार.

अभियंता: पण त्यासाठी मालाला गेटवर अडवायचं? काँक्रीट थांबत नाही, दोन-अडीच तासांत ते घट्ट व्हायला लागतं.

ताई: काँक्रीट कुणी अडवत नाही. अडवला जातो तो न विचारता वाढलेला खर्च. हे दोन वेगळे करता यायला हवेत, ते आमच्या सिस्टिममध्ये नीट वेगळे झालेले नाहीत, एवढं मी मान्य करते. पण तू आधी माझी जुनी अडचण समजून घे. दुसऱ्या प्रोजेक्टचं विद्युत काम घे. अंदाजपत्रक साठ लाखांचं. आलेली बिलं बावीस लाखांची. टॅली उघडलं की दिसायचं, अडतीस लाख शिल्लक. मालक खूश, खरेदीवाले खूश. प्रत्यक्षात एकतीस लाखांच्या ऑर्डरी देऊन झाल्या होत्या, त्यांचा माल आणि बिलं यायची होती. हे एकतीस लाख कुठल्याच खतावणीत नव्हते, खरेदीवाल्याच्या ईमेलमध्ये होते. आणि अजून ज्याची ऑर्डरच दिलेली नाही असं पंधरा लाखांचं काम पुढे होतं. बेरीज कर.

अभियंता: अडुसष्ट.

ताई: आठ लाख वर. आणि ते सगळं काम व्हायच्या आधीच ठरलेलं. शब्द देऊन झालेला खर्च मला दिसला नाही, तर माझ्या हातात उरते ती फक्त चौकशी. ऑर्डर निघण्याआधी दिसला तर मी काही करू शकते. फिटिंगचा ब्रँड बदलता येतो, दर पुन्हा बोलता येतो, निदान मालकांना सांगता येतं की पैशांची सोय करा.

ताईंचा हा मुद्दा मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. लेख्याचं सॉफ्टवेअर झालेला खर्च नोंदवतं. खर्च-नियंत्रणाला लागतात चार आकडे, तेही एकाच ओळीत: अंदाज किती होता, शब्द कितीचा दिला, काम झालं त्याचे किती लागले, आणि उरलेल्या कामाला आजच्या दराने अजून किती लागतील. चौथा आकडा यंत्र आपणहून काढत नाही. तो साइटवरच्या माणसाच्या डोक्यात असतो. म्हणूनच या अभियंत्याचं म्हणणं केवळ कुरकुर म्हणून बाजूला सारता येत नाही.

अभियंता: शब्द दिलेल्या खर्चाचं पटलं. पण ताई, तुमचा स्क्रीन मला चोर ठरवतो, त्याचं काय? लोखंडाचं सांगतो. मागच्या तिमाहीत तुमच्या अहवालात माझ्या नावापुढे लाल अक्षरांत आलं, बारा एमएमच्या सळईत जवळजवळ चार टनांची तूट. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, चार टन गेलं कुठे. ठेकेदाराकडे बघितलं गेलं, वॉचमनकडे बघितलं गेलं.

ताई: शंभर टन आलं होतं, आणि बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे शहाण्णव टनच बसलं होतं. मी काय समजायचं?

अभियंता: शेड्यूल आम्ही कसं करतो? नकाशावरून लांबी काढतो आणि मीटरला ठरलेलं वजन लावतो. व्यासाचा वर्ग भागिले एकशे बासष्ट. बारा एमएमला मीटरला ०.८८८ किलो. पण कारखान्यातून येणारी सळई नेमकी तेवढ्या वजनाची नसते. आयएस १७८६ या मानकातच सूट आहे. दहा एमएमपर्यंत सात टक्के कमी-जास्त, दहाच्या वर सोळापर्यंत पाच टक्के, त्याहून जाड असेल तर तीन टक्के. मी त्या लॉटमधून मीटर-मीटरचे तुकडे कापून वजन केलं. ०.९२४ भरलं. म्हणजे चार टक्के भारी. मानकाच्या आतच आहे, पुरवठादारही खोटा नाही. पण आपण पैसे देतो वजनावर आणि वापरतो लांबीवर. शंभर टनांत मला एकशे बारा किलोमीटरच्या वर सळई मिळायला हवी होती, मिळाली एकशे आठ. मी इंच न् इंच बसवली तरी तुमच्या स्क्रीनवर ३.९ टन तूट दिसणारच. टनाला साठ हजार धरले तर दोन लाख तीस हजारांच्या वरची चोरी झाली, जी कुणी केलीच नाही.

ताई: हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?

अभियंता: सांगायला जागा कुठे होती? आवक नोंदवताना सिस्टिम विचारते: चलन नंबर, गाडी नंबर, काट्याचं वजन. प्रत्यक्ष मीटरचं वजन किती, हा रकानाच नाही. तो असता तर नोंद करतानाच कळलं असतं की लॉट भारी आहे. मग तुम्ही खरेदीवाल्याला विचारलं असतं, दोन पुरवठादारांचा टनाचा दर सारखा आणि एकाची सळई हलकी असेल तर स्वस्त कोण? ती खरी बचत होती. त्याऐवजी वॉचमनची चौकशी झाली.

ताई: बरोबर आहे तुझं. आणि स्लॅबमध्ये जाळी वर धरायला तुम्ही ज्या खुर्च्या करता, त्या शेड्यूलमध्ये असतात का?

अभियंता: बहुतेक वेळा नसतात. नकाशात दाखवलेल्याच नसतात. तुकड्यांतून केल्या तर ठीक, नाहीतर तेही तूट म्हणूनच दिसतं.

ताई: म्हणजे दोन गोष्टी मी घालून घ्यायच्या. लॉटचं प्रत्यक्ष वजन आणि खुर्च्यांचं लोखंड. लिहून घेते.

त्यांनी खरंच लिहून घेतलं. मला वाटतं, सॉफ्टवेअर विकायला येणारी मंडळी सांगतात त्या शंभर सोयींपेक्षा हा एक रकाना अधिक मोलाचा आहे. सैद्धांतिक वापर आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळ घालणं हे साइटवरच्या खर्च-नियंत्रणाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत उपयोगी काम. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मोजमाप पुस्तिकेत पानांना क्रमांक असतात आणि खाडाखोड खपवून घेतली जात नाही, ती याच शिस्तीसाठी. पण मेळ घालताना मोजमाप कशात केलं हे विसरलं, तर शिस्तच अन्याय करू लागते. सिस्टिममध्ये एकक बदलण्याचा गुणक एकदा भरला की तो कायमचा बसतो, आणि त्यावर कुणी पुन्हा बोट ठेवत नाही.

अभियंता: वाळूचंही तेच. आपण क्रश सँड ब्रासमध्ये मागवतो, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. काही पुरवठादार काट्यावर टनात देतात. काँक्रीटचं मिश्रण किलोत, प्लास्टरचं काम चौरस मीटरमध्ये. ओलसर वाळू फुगते, वीस-पंचवीस टक्के सहज. पावसाळ्यात गाडीच्या हौद्यात ब्रास भरलेला दिसतो आणि वाळू असते पाऊण. वजनावर घ्यावी तर वीस टनांत टनाहून जास्त पाणीच विकत घेतलं जातं. तुमच्या सिस्टिमला जून आणि जानेवारी यांतला फरक कळत नाही.

ताई: तो मला कळतो, सिस्टिमला सांगावा लागेल. पण आता माझी पाळी. तू लोखंडाचा हिशेब इतका नेमका मांडलास, तर काँक्रीटचाही मांड. स्लॅब सहाशे चौरस मीटर, जाडी एकशे पंचवीस मिलिमीटर. किती काँक्रीट?

अभियंता: पंच्याहत्तर घनमीटर. बीम वेगळे.

ताई: स्लॅबमध्ये गेलं किती?

अभियंता: एक्क्याऐंशी.

ताई: एक्क्याऐंशी म्हणजे जाडी एकशे पस्तीस झाली. दहा मिलिमीटर. बोटाच्या रुंदीएवढंही नाही, पण आठ टक्के. सहा घनमीटर म्हणजे एक अख्खा ट्रान्झिट मिक्सर. दर स्लॅबला एक. चौदा स्लॅब धर, घनमीटरला साडेपाच हजार धर.

अभियंता: साडेचार लाखांच्या वर.

ताई: चार लाख बासष्ट हजार. आणि हे पैसे गेले त्यात इमारतीला फायदा शून्य, उलट प्रत्येक चौरस मीटरवर पंचवीस किलो फुकटचं ओझं, जे खाली फाउंडेशनपर्यंत जातं. इथे काटा चुकला नाही, मानकाची सूट नाही. सेंटरिंगची लेव्हल नीट तपासली गेली नाही आणि वरून जाडीचे ठोकळे लावले नाहीत. पहिल्या तीन स्लॅबांनाच सिस्टिमने दाखवलं होतं. तू त्या अहवालाकडे पाहिलं नाहीस, कारण तुला वाटलं की तो तुला पकडायला काढलाय.

अभियंता: तो अहवाल माझ्याकडे कधी आला? तो मालकांकडे जातो. माझ्याकडे येतो तो प्रश्न.

या उत्तरावर ताई थोडा वेळ बोलल्या नाहीत. माझं मत इथे अभियंत्याच्या बाजूने आहे. जो माणूस माहिती भरतो त्याला तिच्यातून काहीच परत मिळत नसेल, तर तो ती मन लावून भरणार नाही. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोबाइलवर एक ओळ यावी: नकाशाप्रमाणे पंच्याहत्तर, गेले एक्क्याऐंशी, मागच्या स्लॅबला ऐंशी. एवढं झालं तर पुढच्या स्लॅबच्या आधी तो स्वतःच लेव्हल लावायला उभा राहील. त्याला रागवावं लागणार नाही. पण बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर बसवताना पहिला विचार होतो तो मालकाच्या स्क्रीनचा. साइटवर माहितीचा नुसता उपसा होतो.

अभियंता: आणि ताई, आपण दोघं सळई आणि काँक्रीटवर भांडतोय. सगळ्यात मोठा खर्च कुठे वाढतो ते दोघांनाही माहीत आहे. सातव्या मजल्यावर विक्री विभागाने एका ग्राहकाला दोन फ्लॅट एक करून दिले. भिंत पाडली, टॉयलेटची जागा हलवली, खालच्या फ्लॅटमध्ये पाइप दिसायला लागला म्हणून तिथे फॉल्स सीलिंग. ग्राहकाकडून घेतले ठोक दीड लाख. लागले किती, कुणाला ठाऊक?

ताई: कुणालाच नाही. कारण तो खर्च वेगळ्या नावाखाली कुणी टाकलाच नाही. वीटकाम वीटकामात गेलं, प्लंबिंग प्लंबिंगमध्ये गेलं. आणि तिमाहीच्या शेवटी प्लंबिंग वाढलं म्हणून प्लंबरला बोलावलं.

अभियंता: नकाशा पाच वेळा सुधारून आला. तुमच्या सिस्टिममधलं अंदाजपत्रक कुठल्या नकाशावर आहे?

ताई: पहिल्या. आणि ते तसंच राहिलं पाहिजे. मूळ अंदाजावर नवा अंदाज पुसून लिहिला की सगळं नेहमी बरोबरच दिसतं. मूळ आकडा गोठवायचा, आणि प्रत्येक बदल त्याच्याखाली आपल्या कारणासकट ओळ म्हणून यायला हवा: नकाशा बदलला, ग्राहकाने मागितलं, दर वाढला, काम दोनदा करावं लागलं. आत्ता आपल्याकडे बदल येतात ते व्हॉट्सअपवर.

अभियंता: आणि व्हॉट्सअपवरून थेट गवंड्याकडे जातात.

ताई: विक्रीवाल्यांनाही सिस्टिममध्ये आणल्याशिवाय यातून सुटका नाही. ग्राहकाचा बदल त्यांनीच नोंदवायचा, तू प्रमाण काढायचं, मी किंमत लावायची, आणि ग्राहकाची सही झाल्यावरच भिंतीला हातोडा. पण हे मी एकटी म्हणून होणार नाही, मालकांनी म्हटलं पाहिजे.

दोघांचा सूर इथे एक झाला, आणि तो थेट मालकांच्या दिशेने गेला. सॉफ्टवेअर साइट आणि लेखा या दोन टोकांना बसवून विक्रीला आणि वास्तुविशारदाला मोकळं सोडलं, तर जिथे खर्च ठरतो ते दार उघडंच राहतं. मध्यम कंपन्यांत हीच चूक सर्रास दिसते, कारण विक्रीच्या माणसाला कुणी दुखवत नाही.

अभियंता: अजून एक आहे, आणि याच्यावर मी खरोखर चिडलेला आहे. सेंटरिंगचा ठेकेदार. त्याची चाळीस माणसं, काही नांदेड-परभणीची, काही झारखंडची. त्यांना दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते, नाहीतर त्यांच्या घरात चूल पेटत नाही. पूर्वी शनिवारी मालक चिठ्ठी द्यायचे, ठेकेदार उचल घ्यायचा, रविवारी बाजार व्हायचा. आता आधी मी मोजमाप टाकायचं, मग बिलिंग इंजिनिअर तपासणार, प्रोजेक्ट मॅनेजर मंजूर करणार, मग तुमचा विभाग, मग लेखा, मग बँक. एकाने रजा घेतली की बिल तिथेच बसतं. वर्क ऑर्डरपेक्षा प्रमाण दहा चौरस मीटर जास्त झालं तरी सगळंच बिल अडतं. मागच्या महिन्यात त्याने व्याजाने पैसे काढून खर्ची दिली. या खर्चाची नोंद तुमच्या सिस्टिममध्ये कुठल्या रकान्यात आहे?

ताई: चिठ्ठीवरच्या उचलीचा काळ मी पाहिलाय. झालेल्या कामापेक्षा जास्त उचल घेऊन मधेच निघून गेलेला ठेकेदारही पाहिलाय. त्याच्या माणसांचे पैसे बुडाले, आपले बुडाले, आणि हिशेब म्हणून माझ्या हातात आल्या त्या चुरगळलेल्या चिठ्ठ्या.

अभियंता: म्हणून प्रामाणिक माणसाला शिक्षा?

ताई: नाही. पण तू म्हणतोस तसं परत चिठ्ठीवर जाणंही नाही.

अभियंता: मग तो पुढच्या कामाला चौरस फुटाला चार रुपये वाढवून मागणार. मागितलेच आहेत. ते तुम्ही दरवाढ म्हणून नोंदवाल. ती दरवाढ नाही, आपल्या सहा सह्यांची किंमत आहे.

अभियंत्याचं हे वाक्य प्रत्येक बिल्डरने ऐकावं असं मला मनापासून वाटतं. देयक लांबवून वाचवलेले पैसे दरात भरून द्यावेच लागतात, आणि तोवर ते भरत असतात साइटच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहणारी माणसं. यावर उपाय नवा शोधायलाही नको. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी कामांसाठी सूचना काढल्या. त्यांत चालू बिलाच्या देय रकमेपैकी किमान ७५ टक्के बिल दाखल झाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत द्यावेत आणि उरलेले पूर्ण तपासणीनंतर द्यावेत असं म्हटलंय. सरकारला जे सुचलं ते खासगी कंपनीला सिस्टिममध्ये बसवणं अवघड नाही. ताईंशी मी हे बोललो.

ताई: बसवता येईल. मोजमाप पडलं की मंजुरीची वाट न पाहता एक ठरावीक भाग सोडायचा, पण मोजमाप पडलंच पाहिजे. आणि वर्क ऑर्डरबाहेरचं दहा चौरस मीटर तेवढं बाजूला ठेवून बाकीचं बिल पुढे जायला हवं. हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला सांगून करून घ्यावं लागेल. तो पैसे मागेल.

अभियंता: चौरस फुटाच्या चार रुपयांपेक्षा कमीच मागेल.

ताई: तू आता माझ्यासारखा बोलायला लागलास.

अभियंता: पण ताई, आपल्यासारख्या तीन साइटच्या कंपनीला हे एवढं सगळं लागतं का? एक्सेल आणि टॅली यांवर लोक इमारती उभ्या करतातच.

ताई: करतात, आणि एका इमारतीला ते पुरतंही. मीच सांगेन की एकच इमारत असेल तर चांगला स्टोअरकीपर ठेव, सॉफ्टवेअरवर पैसे घालू नकोस. पण तीन साइट झाल्या की एकीचं सिमेंट दुसरीवर जातं, एकीची प्लेट दुसरीवर जाते, आणि प्रत्येकाचं एक्सेल वेगळं. शिवाय कायद्याचं बघ. रेरा २०१७ च्या मेपासून पूर्ण लागू झाला. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के प्रोजेक्टच्या स्वतंत्र खात्यात ठेवायचे, आणि काम जितकं पुढे गेलं तितकेच काढायचे, तेही अभियंता, वास्तुविशारद आणि सीए यांच्या प्रमाणपत्रावर. म्हणजे झालेला खर्च आणि एकूण अंदाज हे आकडे आता घरातले राहिले नाहीत. एका साइटच्या पैशाने दुसरीचं सिमेंट घेतलं तर तो केवळ हिशेबाचा घोळ नाही.

अभियंता: आणि जीएसटी?

ताई: एप्रिल २०१९ पासून नव्या घरांवर पाच टक्के, परवडणाऱ्या घरांवर एक टक्का, पण आपण भरलेल्या कराची वजावट नाही. म्हणजे सिमेंट-लोखंडावरचा कर हा आपला खर्चच. ऐंशी टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून झाली पाहिजे, कमी पडली तर त्या कमीवर आपणच कर भरायचा. हे वर्षाच्या शेवटी कळून उपयोग नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा कर अठ्ठावीसवरून अठरावर आला, तेव्हा काय झालं ते तुला माहीत नाही. काही ऑर्डरी आपण करासह एकरकमी दराने दिल्या होत्या. त्या तशाच राहिल्या असत्या तर दहा टक्क्यांचा फायदा पुरवठादाराच्या खिशात गेला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर अशा सगळ्या चालू ऑर्डरींची यादी होती. एक्सेलवर मी आठवडाभर फायली शोधत बसले असते.

अभियंता: हे मला कुणी सांगितलंच नाही.

ताई: सांगायला हवं होतं.

पुढे बोलणं पुन्हा रात्रीच्या त्या स्लॅबवर आलं. अभियंत्याचं म्हणणं, तातडीच्या वेळी ठरावीक रकमेपर्यंत त्याला स्वतःच्या अधिकारात माल घेता आला पाहिजे, पीओ मागून होईल. ताईंना भीती अशी की मग प्रत्येक खरेदी तातडीची होईल. दोन्ही खरं आहे. नियोजनात आळस असेल तर तातडी रोज येते, आणि अधिकारच नसेल तर पंप बंद पडलेल्या रात्री काँक्रीट हौद्यात घट्ट होतं. मी अधिकार देण्याच्या बाजूचा आहे, पण कारण लिहिण्याच्या अटीवर. कारणांची यादी छोटी हवी. खर्चाच्या खात्यांचंही तसंच आहे. नऊशे खाती करून ठेवली की स्टोअरवाला सगळं एकाच खात्यात ढकलतो. साठ खाती असतील तर तो नीट निवडतो.

ताई: बरं, तुला अधिकार देऊ. रक्कम मालक ठरवतील. पण कारण लगेच निवडायचं, दुसऱ्या दिवशी नाही. सिस्टिममध्ये आत्ता अकरा कारणं आहेत, आणि सगळे निवडतात 'इतर'.

अभियंता: कारण बाकीची दहा आमच्यावरचीच आहेत. साइटवर नासाडी, चुकीचं मोजमाप, मजुराची चूक, नियोजनाचा अभाव. कोण स्वतःच्या हाताने स्वतःवर लिहील? तिथे 'नकाशा उशिरा आला' हे कारण आहे का? 'मंजुरी उशिरा मिळाली' आहे? 'विक्री विभागाने बदल केला' आहे?

ताई: नाही.

अभियंता: मग आधी 'इतर' काढून टाका, आणि ही तीन घाला.

ताई: मंजुरी उशिरा म्हणजे माझ्या विभागाचंही नाव येणार त्यात.

अभियंता: येऊ द्या की.

ताई: घालते. आणि स्लॅबचा अहवाल उद्यापासून आधी तुझ्याकडे येईल, एक दिवसाने मालकांकडे. तो एक दिवस तुझा. पण पुढच्या स्लॅबला लेव्हल लावायला तू स्वतः उभा राहणार.

अभियंता: राहतो. आणि ती तीन कारणं मालकांच्या अहवालात दिसणार ना? की तुमच्याकडेच राहणार?

ताई: पहिल्या पानावर टाकते. कोणत्या कारणाला किती रुपये, तेही समोर.